चिठ्ठीची मागची बाजू

माझी बायको विनी वारल्यावर घर मी असं चालवलं, की शेजारच्या बायकांनी येऊन बघून जावं! शेगडी रोज साफ. खिडक्यांच्या काचा दर शनिवारी. ताटात उरलेलं दुसऱ्या दिवशी पोटात. सुतळी, कागद, मेणबत्तीचं बूड, काही म्हणजे काही वाया घालवलं नाही. लोकांच्या भिंतींना गिलावा करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, तेव्हा माल पुरवून कसा वापरायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. साडेतीन महिन्यांत माझ्या हातून एक कप फुटला, आणि तो आधीच तडकलेला होता.

चौदा मेच्या मंगळवारी, सकाळी साडेदहापर्यंत, माझी स्वतःबद्दल अशी समजूत होती.

साडेदहाला दार वाजलं. बाहेर एक उंच, वाळक्या शेंगेसारखी बाई. हातात छत्री, पायाशी दोन रिकाम्या सुटकेसी.

"मिस्टर ओल्डरॉइड? मी मिस प्रिंगल. शब्दकोशाच्या कचेरीतून आले. मिसेस ओल्डरॉइडच्या चिठ्ठ्या न्यायला."

विनी आमच्या हॉलिनशॉ गावच्या वाचनालयात झाडलोट करायची. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता ती पुस्तकं वाचायची. एक दिवस तिथल्या फळ्यावर या कोशवाल्यांची विनंती लागली. लोक आम्हाला भारी भारी शब्द धाडतात, पण रोजच्या बारक्या शब्दांकडे कुणी बघत नाही. एक शब्द घ्या, आणि तो कुठे कुठे दिसतो ते लिहून पाठवा. विनीनं 'सेट' घेतला.

मला हसू आलं होतं. प्लास्टर सेट होतं, आणखी काय! मी म्हणालो, "एका चिठ्ठीचं काम आहे. बस टेबलाशी, चहा उकळेपर्यंत होईल."

विनी म्हणाली, "हं."

त्यानंतर चौदा वर्षं ती चिठ्ठ्या लिहीत होती. चहाच्या कपांचा सेट, टेनिसचा सेट, टीव्हीचा सेट. जेली सेट होते, बायका केस सेट करतात. सूर्य मावळतो त्यालाही आमच्या इंग्रजीत तोच शब्द, मोडलेलं हाड बसवतात त्यालाही तोच, टेबल मांडतात त्याला, सापळा लावतात त्याला, घड्याळाचा गजर लावतात त्याला. बिज्जू नावाचा प्राणी जमिनीत बीळ करतो ना, त्या बिळालासुद्धा! प्रत्येक चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी. डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली तारीख, मग पुस्तकाचं नाव, पान आणि वाक्य. मागची बाजू कोरी. पुढच्या खोलीत बुटांची नऊ खोकी भरली. कुणी तिकिटं जमवतं, कुणी कबुतरं पाळतं, विनी एक शब्द पाळते, असं मी लोकांना सांगायचो.

मिस प्रिंगलनं नऊ खोकी उघडली, बघितली आणि सुटकेसींमध्ये रचली. एकेक चिठ्ठी ती अशी हातात घेई जणू अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू आहे. मला बरं वाटलं. मी चहा टाकला.

"आणि डबा?" ती म्हणाली.

"कुठला डबा?"

"बिस्किटांचा. हिरवा, झाकणावर घोडागाडीचं चित्र आहे. मिसेस ओल्डरॉइडनी पत्रात लिहिलं होतं, खोक्यांमधलं पुस्तकांतलं आहे, ते इतर लोकांनीही धाडलं असेल. पण डब्यातलं दुसऱ्या कुणाकडे नाही. ते मी सगळ्यात शेवटी देईन. त्या डब्यासाठीच तर मी आले आहे."

डबा स्वयंपाकघरात होता, पिठाच्या डब्याशेजारी. मी तो आणून टेबलावर ठेवला. तिनं झाकण उघडलं. आत तळाशी थोड्या चिठ्ठ्या आडव्या पडल्या होत्या. तिनं वरची उचलली. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'उद्या एकच बाटली. सी. ओ.' ही त्या रात्रीसाठी मी आधीच लिहून ठेवली होती. मी व्यवस्थित माणूस आहे.

"हे काय आहे?"

"दुधवाल्याला चिठ्ठी," मी म्हणालो. "रिकाम्या बाटलीत खोचून पायरीवर ठेवतो."

"आणि बाकीच्या कुठे आहेत?"

"दुधवाल्याकडे," मी म्हणालो.

मिस प्रिंगल खुर्चीवर बसली.

तिनं पर्समधून विनीची एक वही काढली, पत्रासोबत आलेली. तिच्यात डब्यातल्या चिठ्ठ्यांची यादी होती: क्रमांक, तारीख, कोण बोललं, कुठे. वाक्यं नव्हती, वाक्यं चिठ्ठीवर. एकूण एकशे बारा. डब्यात उरल्या होत्या एकतीस.

डब्यातल्या चिठ्ठ्या पुस्तकातल्या नव्हत्या. विनीनं त्या कानांनी ऐकलेल्या होत्या. लोक खाटकाकडे, न्हाव्याकडे, कामावर, घरात तो शब्द कसा वापरतात ते. पुस्तकं लिहिणाऱ्यांना ते ठाऊकच नसतं, असं मिस प्रिंगल म्हणाली.

"शुक्रवारी मी परत येते," ती म्हणाली. "या शब्दाची पानं छापायला चालली आहेत. तोवर मिळालं ते कोशात जाईल. नाही मिळालं तर पुढच्या आवृत्तीत."

"पुढची आवृत्ती कधी?"

"मागची निघाली तेव्हा माझी आई शाळेत होती," मिस प्रिंगल म्हणाली, आणि सुटकेसी उचलून बसथांब्याकडे गेली.

आता तुम्ही म्हणाल, माणसानं निदान चिठ्ठी उलटून तरी बघावी! खरं सांगतो, मी मुद्दामच उलटत नव्हतो. चांगल्या चिठ्ठ्या पुढच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरातल्या टाकाऊ असणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. विनीचं अक्षर दिसू नये म्हणून डब्यातून चिठ्ठी पालथीच काढायची, मागे लिहायचं, गुंडाळायची, बाटलीत घालायची. माझं लिहिलेलं बाहेर, विनीचं आत.

बुधवारी पावणेसहाला मी पायरीवर उभा. लेन दुधवाला वीस वर्षं आमच्या गल्लीत येतोय. त्याची विजेवरची गाडी गुंगूं करत आली. मला बघून त्यानं गाडी लांबच थांबवली आणि टोपी काढली. दूध घालताना लेननं टोपी काढलेली मी कधी बघितली नव्हती.

"सिरिल," तो हळूच म्हणाला. "लवकर उठलास रे. झोप लागत नाही का?"

"लेन, मी तुला ज्या चिठ्ठ्या देतो..."

"मी कुणाला बोललो नाही!" लेन म्हणाला. "म्हणजे तुझ्या शेजारच्या एडनाला बोललो. आणि एडना पाद्रीबाबांना बोलली. आणि माझ्या बायकोला तर सांगावंच लागलं."

"काय बोललास?"

लेन दोन बाटल्या हातात धरून उभा राहिला. मग सांगू लागला, आणि जसजसं सांगत गेला तसतसा मी पायरीवर खाली खाली बसत गेलो.

पहिल्या दिवशी त्यानं बाटलीतून चिठ्ठी काढून उलगडली, तर आत विनीचं अक्षर! विनीला पुरून दोन आठवडे झाले होते. आणि लिहिलं होतं: 'माझं मन पक्कं झालंय. आता मी कुणाचं ऐकणार नाही.'

"कोपऱ्यात 'सेट' असं लिहिलेलं," लेन म्हणाला. "मला वाटलं, दुःखानं तूच तिच्या अक्षरात लिहायला लागलास, आणि जायची तयारी झाली. मी म्हटलं, बाप रे!"

"अरे, मागे लिहिलं होतं ना, एकच बाटली!"

"ते नंतर बघितलं! पण त्यानं आणखीच वाईट वाटलं. आधी जीव द्यायची भाषा आणि मागे एक बाटली दूध. दुसऱ्या दिवशी काय, तर 'सूर्य मावळला की घरी जायचं, इथे थांबून काय करायचंय?' मला वाटलं, मेलाच हा! तिसऱ्या दिवशी 'जेली अजून सेट झाली नाही, हात लावू नकोस' असं आलं. तेव्हा जरा हायसं वाटलं. म्हटलं, जेली खाणारा माणूस जीव देत नाही."

"लेन, त्या विनीनं लिहिलेल्या आहेत. जिवंतपणी."

लेननं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लहान मुलाला कळत नाही तेव्हा मोठी माणसं बघतात तसं.

"हो रे बाबा," तो म्हणाला. "विनीनंच लिहिल्यात. आपण सगळे तसंच म्हणू."

मग मी त्याला बसवून पुरतं समजावलं. शब्दकोश, चिठ्ठ्या, मिस प्रिंगल. त्याला पटायला तीन घरांचं दूध उशिरा गेलं. पटल्यावर मात्र तो एवढ्या जोरानं हसला, की समोरच्या घरातल्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले.

"पण सिरिल, एक सांग. तुमचं खातं दोन बाटल्यांचं. रोज चिठ्ठी लिहितोस, उद्या एकच. मला एकदाच सांगितलं असतंस, आजपासून कायमची एक, तर मी वहीत बदललं असतं. एकही चिठ्ठी लागली नसती."

मी रिकामी बाटली उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. एक बाटली ठेवली, दुसरी गाडीत परत नेली.

"चिठ्ठ्या एडनाकडे आहेत," जाताना तो म्हणाला. "रोज नेऊन देत होतो. आणि हो, तुझी कपडे वाळत घालायची दोरी मी आणून देतो."

दोरी! मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फेब्रुवारीत लेननं दोरी मागून नेली, बायकोला हवी म्हणून. एडनानं पाव कापायची सुरी नेली, धार लावून आणते म्हणाली, ती अजून धारच लावतेय! तीन महिने मी पाव हातानं तोडून खातोय. पाद्री टास्कर दर गुरुवारी सोंगट्या खेळायला येतो आणि प्रत्येक वेळी जाताना माझा वस्तरा बघायला मागतो; म्हणे अशी पाती आता मिळत नाहीत. मला वाटलं होतं, शेजार किती चांगला आहे आपला! कुणाला दोरीची गरज, कुणाला वस्तऱ्याची आवड!

एडना क्रॅबट्री आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि आधी माझे हात बघितले.

"ये, बस. जेवलास का?"

"एडना, सकाळचे आठ वाजलेत. विनीच्या चिठ्ठ्या दे. मला त्या शुक्रवारपर्यंत परत हव्यात."

"शुक्रवारपर्यंत का? शुक्रवारी काय करणार आहेस?" तिनं माझं मनगट धरलं. "सिरिल, मी तुला सांगते, विनीला हे आवडलं नसतं!"

"विनीला आवडलं नसतं म्हणूनच तर! कोशवाली बाई येणार आहे!"

"कसला कोश? कुठली बाई?"

पुन्हा सगळं सांगितलं. एडना ऐकता ऐकता लाल होत गेली, बीट उकडल्यासारखी.

"म्हणजे दुधाची चिठ्ठी?" ती ओरडली. "मेल्या, तीन महिने मी रात्री भिंतीला कान लावून बसतेय, आणि तू म्हणतोस दुधाची चिठ्ठी? तू खोकलास की मी उठून बसायची! तू खोकला नाहीस तर त्याहून लवकर उठून बसायची!"

"मला काय माहीत?"

"तुला कधी काय माहीत असतं! विनी होती म्हणून तुझे मोजे तरी जोडीनं असायचे!"

तोंड चालू ठेवूनच तिनं कपाटाचा खण ओढला. आत दोन जाड पाकिटं. एकावर लिहिलं होतं 'बरे दिवस', दुसऱ्यावर 'वाईट दिवस'. एडनानं माझ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या! जेली, चहाचे कप, टेनिस, कोंबड्यांची अंडी उबवणं, हे बऱ्यात. सूर्यास्त, सापळा, मोडलेलं हाड, पक्कं झालेलं मन, हे वाईटात. तिनं एकसष्ट मोजून दिल्या.

"या एकीचं मला काही कळेना," ती म्हणाली. "म्हणून वाईटात ठेवली."

मी चष्मा लावला आणि पहिल्यांदा विनीची चिठ्ठी सुलटी वाचली. 'आठवड्यातून एकदा केस सेट केल्याशिवाय मला माणसासारखं वाटत नाही.'

"मी म्हटलं, गेला हा कामातून," एडना म्हणाली. "आता याला केस सेट करायचेत!"

"एडना, खाली नाव वाच."

खाली बारीक अक्षरात होतं: 'ए. क्रॅबट्री, सलूनमध्ये, ड्रायरखाली, ३ मार्च १९६६.'

एडनानं ती चिठ्ठी घेतली, खिडकीशी नेली आणि पुन्हा वाचली. "मी बोलले होते हे," ती म्हणाली. "ती शेजारच्या खुर्चीत होती. मला वाटायचं, ती ऐकतच नाही." मग तिनं एप्रनला हात पुसले, आत गेली आणि पावाची सुरी आणून टेबलावर ठेवली. "घे तुझी. धार लावलेली नाही."

उरलेल्या चिठ्ठ्या, म्हणजे तिच्या मते सगळ्यात भयंकर चौदा, तिनं पाद्री टास्करला दिल्या होत्या.

पाद्री टास्कर तरुण माणूस, आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेली. गुरुवारी मीच त्याच्याकडे गेलो. सोंगट्या न खेळता मी चिठ्ठ्या मागितल्या, तेव्हा तो आधी प्रार्थना करू या म्हणाला. मी म्हटलं, करू, पण आधी ऐकून घ्या. ऐकून झाल्यावर तो खुर्चीत एवढा मागे रेलला, की त्याची फक्त हनुवटी दिसत होती.

"मिस्टर ओल्डरॉइड, माझ्याकडून एक चूक झाली आहे," तो म्हणाला. "ईस्टरनंतरच्या रविवारचं प्रवचन आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं! मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रवचन शेवटपर्यंत जागा राहून ऐकलं होतं. पाद्री म्हणाला होता, आपल्यातल्या एका दुःखी माणसानं लिहिलंय, 'पहिला हात सेट होईपर्यंत दुसरा मारू नये. घाई केली तर दोन्ही सुटतात.' मग अर्धा तास तो दुःखाबद्दल बोलला, की ते आपापल्या वेळानं बसतं, वरून लिंपून चालत नाही. बायका रडल्या होत्या. मीही नाक शिंकरलं होतं. कोण बिचारा असेल, असं वाटलं होतं मला.

"ते तुमचं होतं," पाद्री म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला गिलाव्यातलं कळतं," मी म्हणालो. "वाक्य अगदी बरोबर होतं."

"मी चर्चच्या मंडळीच्या मासिकातही छापलं," तो म्हणाला. "नाव न घालता."

चौदाही चिठ्ठ्या त्यानं एका वहीत चिकटवून ठेवल्या होत्या. सरसानं! आता चिकटवलेला कागद सोडवायचा तर वाफ द्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. मी लोकांच्या भिंतींवरून जन्मभर वॉलपेपर सोडवलेत. किटली ठेवली, लांबून वाफ देत तेरा अलगद सोडवल्या. तेवढ्यात पाद्री म्हणाला, एक मला करू द्या, पापाचं परिमार्जन म्हणून. मी म्हटलं, करा. त्यानं वही थेट किटलीच्या तोंडावर धरली! चिठ्ठी सुटली, पण शाई तिच्याआधी सुटली. त्याच्या हातात एक निळसर ओला कागद राहिला.

"अरे देवा!" पाद्री म्हणाला, आणि पाद्रीनं असं म्हणू नये म्हणून पुन्हा म्हणाला, "माफ कर, देवा!"

"कुठली होती?"

"प्रवचनातलीच!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम चेहरा उजळला. "पण मला ती तोंडपाठ आहे!"

त्यानं नव्या कागदावर ती जशीच्या तशी लिहून दिली, नाव, जागा, तारखेसकट. खाली सही करून 'मंडळीचा पाद्री' असंही लिहिलं.

शुक्रवारी मिस प्रिंगल आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लेन घरोघरी दूध घालून आला होता. एडना डोक्याला जाळी लावून आली होती. पाद्री मासिकाचा अंक घेऊन आला होता. मिस प्रिंगलनं आमच्याकडे एकदा बघितलं, टोपी काढली आणि टेबलाशी बसली.

ती वहीतून क्रमांक वाचे आणि आम्ही चिठ्ठ्या शोधून देऊ. एडनाची पाकिटं बघून तिनं विचारलं, ही वर्गवारी कुणी केली? एडना मान खाली घालून म्हणाली, मी, वेड्यासारखी. मिस प्रिंगल म्हणाली, "आमच्या कचेरीत दोन माणसं तीन वर्षं हेच करताहेत, आणि त्यांचं अजून जमलेलं नाही." एडनाची मान त्यानंतर दिवसभर खाली आली नाही. मासिकाचा अंक मिस प्रिंगलनं दोनदा वाचला आणि पिशवीत घातला. "छापील पुरावा," ती म्हणाली. "फार चांगलं झालं." पाद्री तिला सरसाबद्दल काही बोलला नाही, आणि मीही नाही.

मग तिनं एक चिठ्ठी काढून मोठ्यानं वाचली. 'पाऊस सेट झालाय, आज काही परांचीवर चढता यायचं नाही. चल, तुझ्याबरोबर वाचनालयात येतो.' आणि खाली: 'सी. ओल्डरॉइड, गवंडी, स्वयंपाकघर, ११ ऑक्टोबर १९६२.'

"हे मी म्हणालो?" मी विचारलं.

"असं इथे लिहिलं आहे."

तिनं पुढची वाचली. खाली तेच नाव. त्याच्या पुढची, तेच नाव. 'चूल सेट कर, मी कोळसा आणतो.' सी. ओल्डरॉइड. 'तुझी बहीण माझ्यावर कायम डोळे सेट करून बसते.' सी. ओल्डरॉइड. इथे एडना हसली. मिस प्रिंगलनं वहीत बोट फिरवत मोजलं. एकशे बारांपैकी त्र्याहत्तर वाक्यं माझी होती.

मी शाळा बाराव्या वर्षी सोडली. मी जन्मात कुणाला धड पत्र लिहिलं नाही. संध्याकाळी बूट काढताना, चहा पिताना, काहीबाही बोलत असायचो. विनी ओट्याकडे तोंड करून भांडी घासत असायची. ती कधी हात पुसायची, कधी लिहायची, मला कधी दिसलं नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती, आणि मी समजत होतो की ती माझं अर्धंच ऐकते.

लेननं टोपी काढायला हात वर नेला, मग ती आधीच काढलेली आहे हे लक्षात आल्यावर परत घातली.

"सहा कमी पडतात," मिस प्रिंगल शेवटी म्हणाली.

त्या सहा कुठे गेल्या हे मला ठाऊक होतं. कधी कधी चिठ्ठी लिहिताना हात चुकायचा. 'एक' लिहायच्या जागी सवयीनं 'दोन' लिहिलं जायचं. तसं झालं की ती चिठ्ठी मी शेगडीत टाकायचो आणि दुसरी घ्यायचो. मी हे सांगितलं. मिस प्रिंगलनं रागावायला हवं होतं. ती रागावली नाही. तिनं वहीवरून सहा क्रमांक एका कागदावर उतरवले. सहाही ठिकाणी एकच: 'सी. ओल्डरॉइड, स्वयंपाकघर', आणि तारखा.

"बोललेलं तुमचंच आहे," ती म्हणाली. "तुम्हीच लिहून द्या. मी छापखान्याला महिनाअखेरपर्यंत थांबवते. पण जे बोललात तेच लिहा, मिस्टर ओल्डरॉइड. नवं रचू नका. मिसेस ओल्डरॉइडनी एकही रचलेलं नाही."

तिनं मला सहा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि डबा सुटकेसमध्ये ठेवला. लेननं तिला दुधाच्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. ताशी दहा मैलांनी. तिची आगगाडी चुकली असं नंतर कळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी टेबलाशी बसतो. पहिलीची तारीख ९ नोव्हेंबर १९६८. त्या दिवशी शनिवार होता, एवढं कॅलेंडरवरून काढलं. शनिवारी मी कामावरून लवकर यायचो. मग काय म्हणालो असेन? एडना येऊन सांगते, तू म्हणाला असशील, घड्याळाचा गजर सेट कर. पाद्री सुचवतो, काहीतरी आशेचं म्हणाला असाल. लेन म्हणतो, लिही काहीतरी, त्यांना काय कळतंय! सगळं शक्य आहे, पण ते मी म्हणालो होतो असं मला वाटत नाही. मी शेगडीकडे तोंड करून बसतो, बूट काढतो, पुन्हा घालतो, पुन्हा काढतो. बोलूनही बघतो. माझ्या तोंडून निघतं ते आजचं असतं.

आज बावीस तारीख. महिना संपायला नऊ दिवस आहेत. सहापैकी एकही चिठ्ठी लिहून झालेली नाही.